पार्किंगमधलं हृदय

आम्ही ग्लासगोला राहतो, लेक सात वर्षांचा आहे. घरी फोन केला की मैत्रिणी हमखास विचारतात, तिकडच्या शाळेत पीटीला काय वेगळं करतात गं? तर एक म्हणजे रोज पंधरा मिनिटं पोरं बाहेर पळतात, डेली माइल म्हणतात त्याला. सुरुवात झाली २०१२ साली, इथून जवळच स्टर्लिंगच्या सेंट निनियन्स शाळेत, तिथल्या मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी बघितलं की मुलं जरा पळाली तरी दमतायत, म्हणून रोज वर्गच्या वर्ग बाहेर काढायला लागल्या. वेगळा ड्रेस नाही, शर्यत नाही, दमलं की चालायचं आणि परत पळायचं, भुरभुर पाऊस असला तरी जायचंच.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच एका खेळाबद्दल. मागच्या वर्षी पालकांना शाळेत बोलावलं होतं. हॉलमध्ये जमिनीवर टेपने चार मोठे चौकोन केलेले, ते हृदयाचे चार कप्पे, शेजारीच दोन हुला हूप म्हणजे फुप्फुसं, आणि पार लांब भिंतीपाशी शरीर. प्रत्येक पोर म्हणजे रक्ताचा थेंब. शरीराकडून निळी पिशवी उचलायची, हृदयाच्या उजव्या बाजूला वरच्या कप्प्यात शिरायचं, मग खालच्या, तिथून फुप्फुसात, तिथे निळी टाकून लाल घ्यायची म्हणजे ऑक्सिजन मिळाला, परत हृदयात पण आता डाव्या बाजूने, आणि मग सुसाट शरीराकडे. लाल ठेवली की पुन्हा निळी. टीचरने आधीच सांगितलं होतं की रक्त निळं कधीच नसतं, ऑक्सिजन कमी झाला की नुसतं गडद होतं, निळा रंग आपला ओळखायला. ही आकृती मी शाळेत बाण काढून काढून पाठ केलेली, पण इथे एक मुलगी धापा टाकत म्हणाली, फुप्फुसं जवळ आहेत, शरीर किती लांब आहे! आणि टीचर म्हणाल्या, म्हणूनच डाव्या बाजूची भिंत जाड असते, तिला लांब ढकलायचं असतं. माझ्या अंगावर काटा आला खरंच.

जुलैत इथल्या शाळांना सुट्टी असते तेव्हा आम्ही माहेरी, दादरला आलो. बाहेर धो धो पाऊस, शिवाजी पार्कात चिखल. बिल्डिंगमधली पोरं शाळा आणि क्लास यातून सुटली की मोबाईल घेऊन जिन्यात बसलेली. मोकळी जागा कुठे तर खाली स्टिल्टच्या पार्किंगमध्ये, तीसुद्धा पाच ते साडेसहा, कारण साडेसहानंतर एकेक गाडी ऑफिसातून परत यायला लागते. बॉल खेळायला मनाई, तसा बोर्डच लावलाय. पण हृदयाला बॉल लागत नाही ना! खडूने चार चौकोन काढले, दोन बादल्या म्हणजे फुप्फुसं, आणि पिशव्यांऐवजी आईच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे, लाल आणि निळे. वॉचमन काकांच्या स्टुलाशी शरीर. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे खुर्ची देऊन झडप केलं, काम एकच, पोरांना पुढे जाऊ द्यायचं, मागे फिरू द्यायचं नाही. कोणी उलटं वळलं की ती छत्री आडवी धरायची आणि ओरडायची, "ए, मागे नाही जायचं, पुढे पळ!" पोरांना ते इतकं आवडलं की मुद्दाम उलटी यायला लागली.

खेळ झाल्यावर पेपरची सुरळी करून एकमेकांच्या छातीला लावून ऐकलं. लब-डब आवाज येतो तो झडपा मिटण्याचा, हे कळल्यावर सगळी आजीकडेच बघायला लागली. १८१६ साली लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने अशीच कागदाची सुरळी करून स्टेथोस्कोपची सुरुवात केली होती, तेही सांगितलं. मग मानेवर दोन बोटं ठेवून दहा सेकंद ठोके मोजले. चौथीतल्या मुलीचे बसल्यावर पंधरा होते, पळून आल्यावर सव्वीस. लहानग्यांना सहाने गुणायला सांगू नका, दहा सेकंदांचा आकडाच ठेवा, वाढला की नाही एवढं त्यांना बरोब्बर समजतं. मोजताच येत नसेल तर अजून सोपं, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही म्हणजे हृदय बऱ्यापैकी कामाला लागलंय, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय म्हणजे जोरात.

आता मला मनापासून जे सांगायचंय ते. आपले बरेच खेळ 'आऊट' करणारे आहेत. संगीतखुर्चीत पहिलं कोण बाहेर जातं? जे जाडं आहे, हळू आहे, लाजरं आहे ते. म्हणजे ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज तेच पंधरा मिनिटं भिंतीला टेकून बसतं, आणि वर त्याला वाटतं की खेळ आपल्यासाठी नाहीच. त्यापेक्षा आपलं विषामृत किती छान आहे! विष मिळालं की थांबायचं, कोणी अमृत दिलं की लगेच परत पळायचं, बाहेर कोणीच जात नाही. साखळीत तर पकडलेला हात धरून अजून जास्त पळतो. लंगडीत मात्र आम्ही नियम बदलला, आऊट झालं की बाहेर बसायचं नाही, दहा दोरीउड्या मारायच्या आणि परत आत यायचं. लहान मुलं मुळात अशी झटक्याझटक्यानेच खेळतात, अर्धा मिनिट जोरात, मग जरा थांबायचं, परत जोरात, त्यांना मोठ्यांसारखे राऊंड मारायला लावू नका, कंटाळतात बिचारी.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि तीन-चार वर्षांच्यांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं, त्यातली ६० जोमाची. सलग नको, तुकड्यातुकड्याने चालतं. हे मी एवढं का धरून बसलेय, तर बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. ५२ देशांमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ आहे आणि बाकीच्यांचं जवळपास ५९. नुसत्या पळण्याने सगळं टळत नाही, खाणं आहे, तंबाखू आहे, घराण्यातून येणारं आहे, पण रोज तासभर दमायची सवय लहानपणी लावणं आपल्या हातात आहे. आणि हो, एखादं मूल पळताना छातीत दुखतंय म्हणालं किंवा चक्कर येऊन पडलं तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवाच, दम लागला असेल म्हणून सोडून देऊ नका.

आम्ही ऑगस्टमध्ये परत आलो. परवा आईचा फोन होता, म्हणाली अगं कपडे वाळत घालायला एक चिमटा शिल्लक नाही, पाच वाजले की पोरं बेल वाजवून घेऊन जातात. मागून कोणीतरी ओरडत होतं, "आजी, झडप कुठेय, खुर्ची आणलीये!" आणि तिने घाईघाईत फोन ठेवून दिला.