शेपटीतला गुंता

आज दुपारी भाचीच्या गुलाबी घोडीच्या शेपटीतला गुंता सोडवण्यात माझा जवळजवळ एक तास गेला आणि ‘माय लिटल पोनी’ या खेळण्याचा सारा इतिहास मनात फिरत राहिला. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीत काम करणाऱ्या चित्रकार बॉनी झॅकर्ले यांना लहानपणापासून घोड्यांचे वेड होते आणि त्यांना हवा होता मुलांना जवळ घेता येईल असा लहानसा, मऊ घोडा. परंतु १९८१ मध्ये प्रथम बाजारात आला तो ‘माय प्रिटी पोनी’, आकाराने मोठा, कडक प्लास्टिकचा आणि हनुवटीखालची कळ दाबली की कान व शेपटी हलवणारा. मुठीत मावणारे, मागच्या मांडीवर चिन्ह असलेले सहा रंगीत घोडे त्यानंतर आले. त्यांच्यात कळ नव्हती, होते ते विंचरता येणारे लांब केस, आणि माझ्या मते झॅकर्ले यांची मूळ कल्पनाच खरी होती, कारण मुलांना यंत्रापेक्षा माया करण्याजोगे काहीतरी हवे असते. २०१० मध्ये लॉरेन फाउस्ट यांच्या कार्टून मालिकेने हे घोडे नव्या पिढीपर्यंत पोहोचवले. २०२४ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील राष्ट्रीय खेळणी सन्मानदालनात या घोड्यांना स्थान मिळाले. शेपटी अखेर मोकळी झाली, तेव्हा भाचीने लगेच तिची वेणी घालायला सांगितले.