तवसाळच्या चढावर फ्युएल पंपाने मान टाकली

गणपतीपुळ्याहून गुहागरला किनाऱ्याने जायचं तर जयगड-तवसाळ फेरीबोट बरी. शास्त्री नदीची खाडी ओलांडली की समोर तवसाळ, आणि उतरल्या-उतरल्या चढ. आमच्या 2003 च्या पेट्रोल गाडीने तिथेच आचके द्यायला सुरुवात केली आणि बंद पडली. सावलीत निवली की चालू, पुढच्या चढाला पुन्हा तेच. तापल्यावरच बंद पडते म्हटल्यावर पहिला संशय टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या फ्युएल पंपाच्या मोटरवर घ्यायचा.

खात्री करणं सोपं आहे. एसी-टेप बंद करा, चावी 'ऑन'वर न्या, स्टार्टर मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा आवाज यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) बघा, तेवढ्यावर भागलं तर नशीब. आमचा फ्यूज शाबूत होता. टाकीला खालून लाकडाने हलकं ठोकल्यावर पंप फिरला आणि हेदवीमार्गे शृंगारतळीचं गॅरेज गाठता आलं. या ठोकाठोकीच्या भरवशावर दापोलीपर्यंत मात्र निघू नका.

मिस्त्रींचा पहिला प्रश्न, "पेट्रोल किती आहे?" रत्नागिरीत टाकी फुल केलेली. पंप पेट्रोलात बुडलेला असला की थंड राहतो, म्हणून एरवी पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नये हे खरं. पण पंप काढताना तेच पेट्रोल आड येतं. कॅनमध्ये उपसण्यातच बराच वेळ गेला. तोवर चिपळूणहून पंप आला.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, सीट उचलली. खाली टाकीवरच्या पंपाच्या झाकणाभोवती लाल मातीचा थर. मिस्त्रींनी तो आधी ब्रशने आणि ओल्या फडक्याने टिपून घेतला, मगच झाकणाला हात लावला. नाहीतर ती माती सरळ टाकीत. पाइपमध्ये प्रेशर उरलेलं असतं, म्हणून जोड फडकं गुंडाळून सोडवायचा. पंप जागी धरणारी लॉक रिंग लाकडाच्या तुकड्याने ठोकून फिरवली, लोखंडाने ठिणगी पडू शकते. दारं उघडी, विडी-सिगारेट लांब. पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटचा दांडा वाकू नये म्हणून पंप तिरका करून काढला. पंपाच्या तोंडाची गाळणी-जाळी काळी कुळकुळीत.

पूर्ण असेम्ब्ली महाग पडते, नुसती मोटरही मिळते. पण जाळी आणि ओ-रिंग (झाकणाखालची रबरी कडी) नवीच टाका, तिथे कंजुषी नको. टाकीतला आखूड पाइप पेट्रोलात बुडून राहणाऱ्या जातीचाच मागा. बाहेरच्या लाइनीचा साधा पाइप आत फुगतो आणि निसटतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यालाही तो टिकला पाहिजे. बसवून झाल्यावर चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करून प्रेशर भरू द्या, गळती बघा, मगच सीट लावा.

पुढे धोपावे-दाभोळ बोट, आणि दाभोळहून वर यायलाही चढच. जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांनी घरीच सीट उचलून खाली झाकण आहे का ते बघावं. काही गाड्यांना ते नसतं, अख्खी टाकी उतरवावी लागते. तुमची तशी असेल आणि पंप कुरकुरत असेल, तर ते काम चिपळूण-रत्नागिरीतच उरका, मग किनाऱ्याला लागा.