शील काटाओऽऽ

बागबाजारात उतरलो त्या रात्री डोकं दुखायला लागलं होतं. कोलकात्याचा तो नुसता गलका वाटत होता. सकाळी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीखालून हाक आली, "शील काटाओऽऽ". शेवटचा स्वर लांब, वर चढत गेलेला. काय विकतोय कळेना. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या माशीमांना विचारलं, तर त्यांनी स्वयंपाकघरातला पाटाच दाखवला. शील म्हणजे पाटा, नोडा म्हणजे वरवंटा. मोहरी वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की तो माणूस छिन्नी-हातोडीने त्याला पुन्हा टाके घालून देतो.

अरे, ही तर आपली "पाट्याला टाकीऽऽ"! लहानपणी आमच्या वाड्यात टाकीवाली यायची. तिचीही हाक अशीच शेवटाला ताणलेली असायची, आतल्या खोलीत कामात असलेल्या बाईपर्यंत पोचावी म्हणून. मिक्सर आले, आमच्याकडची हाक बंद झाली. इथे ती अजून ऐकू आली आणि मला फार बरं वाटलं.

मग मी प्रत्येक आवाजाला एकच प्रश्न विचारू लागलो: हा कोणासाठी आहे?

बसच्या दारातला मदतनीस पत्र्यावर थाप मारतो, ती चालकासाठी. एक थाप थांबायला, दोन निघायला. "आस्ते लेडीज, कोले बाच्चा" हेही त्यालाच: बाई उतरतेय, कडेवर मूल आहे, जरा दमानं. ट्रामचा चालक पायाने घंटा ठणठणवतो, ती रुळांवर रेंगाळणाऱ्यांसाठी. इथली ट्राम १८७३ साली घोड्यांनी ओढली आणि १९०२ पासून विजेवर धावू लागली. आता तिचे मार्ग अगदी थोडे उरलेत. धर्मतल्ल्याला तिची वाट पाहताना माझे कान आधी त्या घंटेसाठीच टवकारलेले असत.

संध्याकाळी दिवेलागणीला माशीमा शंख फुंकत. तीनदा. समोरच्या घरातून तीनदा, मग मागच्या गल्लीतून. त्या वेळी खाली हॉर्न चालूच असायचे, पण मला ते ऐकूच येईनासे झाले होते.

सगळ्यात उशिरा कळली ती हातरिक्षाची घंटा. ओढणारे बहुतेक बिहारहून आलेले. बोटात अडकवलेली छोटी पितळी घंटा ते रिक्षाच्या लाकडी दांड्यावर आपटतात. ठुन, ठुन. दोन्ही हात गुंतलेले, छातीत दम नाही, मग ओरडणार कसं? मला आधी वाटायचं गिऱ्हाईक बोलावताहेत. तेही असतंच, पण रिक्षा भरलेली असली की ती घंटा म्हणजे विनंती असते. एकदा थांबलं की तेवढं ओझं पुन्हा हलवायला फार जोर लागतो.

निघायच्या आदल्या दिवशी कॉलेज स्ट्रीटवर जुनी पुस्तकं चाळत उभा होतो. पाठीमागे ठुन, ठुन. मान न वळवता मी दुकानाच्या फळीला चिकटलो. घंटा थांबली. चाकं माझ्या मागून करकरत निघून गेली.