व्ही-६० टी-८ घेऊन ल्यूसेवेगनच्या घाटात: प्लग-इन हायब्रिडवाल्यांनी काय सांभाळायचं

स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून नॉर्वेतल्या ल्यूसेबॉटनला जायला ओस्लोचा वळसा घ्यायची काही गरज नाही. ई-६ ने सरळ वर स्ट्रॉमस्टाड, तिथे गाडी फेरीत घालायची, अडीच तासांत सांडेफ्योर्ड, मग ई-१८ ने किनाऱ्याने क्रिस्तियानसांड, आणि तिथून ९ नंबरचा रस्ता धरून सेटेसडालच्या दरीत वर. रिस्टाडला डावीकडे ब्रोके-सुलेस्कारचा रस्ता लागतो, तो १०५२ मीटरपर्यंत चढतो आणि पुढे ल्यूसेवेगनला, म्हणजे ल्यूसेबॉटनला उतरणाऱ्या घाटरस्त्याला मिळतो. हे दोन्ही रस्ते फक्त उन्हाळ्यात उघडे असतात, मे महिन्यात जायचं असेल तर आधी रस्ता उघडलाय का बघा आणि मगच हॉटेल बुक करा.

गाडी वोल्वो व्ही-६० टी-८ पोलस्टार इंजिनीअर्ड, मोठ्या बॅटरीची. आम्ही दोघं, पोरं, मागे भरगच्च डिकी आणि धपाट्यांचा डबा. टी-८ ची, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या या प्लग-इन हायब्रिडची, रचना ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पुढे २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि ८ गिअरचा ऑटोमॅटिक, तो फक्त पुढची चाकं फिरवतो. मागच्या चाकांना १४५ एचपीची इलेक्ट्रिक मोटर. पुढून मागे जाणारा शाफ्टच नाहीये, त्याच्या जागी मधल्या बोगद्यात बॅटरी बसवलीय, १८.८ किलोवॅट-तासांची, त्यातले वापरायला मिळतात १४.९. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक छोटा स्टार्टर-जनरेटर आहे. सगळं मिळून ४५५ एचपी, ७०९ न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ४.६ सेकंद. टॉप स्पीड कंपनीनेच १८० ला बांधून ठेवलाय, आणि नॉर्वेत गावाबाहेर बहुतेक ठिकाणी ८० ची लिमिट आणि दंड असा की दुसऱ्यांदा हिंमत होत नाही, त्यामुळे त्या ४५५ चं काय करायचं हा प्रश्न तसा रास्तच आहे. पण चढावर कॅराव्हॅन ओव्हरटेक करताना कळतं काय करायचं ते.

आता मुद्दा असा की ती ४५५ कायम तुमच्या खिशात नसते. बॅटरी रिकामी झाली की स्क्रीनवर रेंज शून्य दिसते, गाडी थोडासा चार्ज राखून ठेवते आणि जनरेटरच्या करंटवर मागची चाकं गरज पडली तर फिरतात, म्हणजे ओल्या रस्त्यावर ऑल-व्हील ड्राइव्ह जाते असं नाही. पण लांब चढावर सारखा दट्ट्या दिलात तर जनरेटर पुरा पडत नाही आणि मग उरते ती दोन टनांहून जड, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. अजिबात वाईट नाही चालत पण ज्यासाठी पैसे मोजले ते हे नव्हे.

म्हणून हायवेवर बॅटरी उडवू नका. गोथेनबर्गहून फुल चार्ज करून निघालात की शहराबाहेर पडल्यावर लगेच होल्ड मोड लावा, त्यात बॅटरी राखून गाडी पेट्रोलवर चालते. ११० च्या स्पीडला बॅटरी भुर्रकन संपते आणि त्या स्पीडला पेट्रोल इंजिन तसंही निवांत चालतं, आम्हाला ई-६ वर साडेसात-आठ लिटर पडलं शंभरला. वीज वापरायची ती गावांत, फेरीच्या रांगेत आणि सेटेसडालसारख्या ६०-७० ने जायच्या रस्त्यावर. चार्ज नावाचा मोड पण आहे, त्यात इंजिन पेट्रोल जाळून बॅटरी भरतं. एखाद्या गावात शांतपणे शिरायचंय म्हणून थोडा वेळ ठीक, पण रोज वापरणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

ब्रोकेच्या चढाला लागण्याआधी पाचेक मिनिटं पॉवर मोडला टाका, त्यात इंजिन सतत चालू राहतं. कारण तोपर्यंत तुम्ही विजेवर आलेले असता, इंजिन थंडगार असतं, आणि अशात एकदम पाय दाबला की थंड तेलावर इंजिन थेट लोडखाली येतं. प्लग-इनचं इंजिन किलोमीटरने कमी चालतं म्हणून जास्त टिकेल असं लोक म्हणतात, पण ते किती वेळा थंड असताना रगडलंय हे मीटरवर दिसत नाही. वापरलेली टी-८ घ्यायला जाणाऱ्यांनी म्हणूनच नुसते किलोमीटर बघू नयेत, ऑइल वर्षाला बदललंय का ते सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बघावं.

वरचा पठाराचा भाग सुंदरच आहे, त्यावर सगळेच लिहितात. मी एवढंच सांगतो की मेंढ्या रस्त्यात बसतात, बोगदा दिसला तर गारव्याला बोगद्यातही बसतात, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीचा आवाज त्यांना येत नाही. हॉर्न दिला तरी त्या विचार करून उठतात.

आता उतार. ऑयगार्डस्टोलला, जिथून शेरागचा ट्रेक सुरू होतो, तिथे तुम्ही ६४० मीटरवर असता आणि खाली ल्यूसेबॉटन समुद्रसपाटीला. मध्ये २७ हेअरपिन, शिवाय ११०० मीटरचा एक बोगदा जो आतल्या आत ३४० अंशात वळतो. हा रस्ता १९८४ मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी बांधला, टुरिस्ट नंतर आले. हिशोब करा, माणसं-सामान धरून २३०० किलोची गाडी ६४० मीटर उतरते म्हणजे साधारण ४ किलोवॅट-तास ऊर्जा. टायर, हवा, मोटरचा लॉस वजा जाता अडीच तरी बॅटरीत परत यायला हवेत. आमचं वर २८ टक्के होतं, खाली धक्क्यावर ४४. हिशोब जवळजवळ बरोबर आला, बायकोला सांगितलं तर ती म्हणाली तू दरीकडे बघ, स्क्रीनकडे नको.

पण हे केव्हा, तर बॅटरीत जागा असेल तेव्हा. होल्ड लावून ९५ टक्के घेऊन वर पोचलात तर चार्ज ठेवायला जागाच नाही, रीजेन (म्हणजे मोटरने वीज परत बनवत गाडी अडवणं) हात वर करतं आणि सगळा भार ब्रेकच्या डिस्कवर येतो. म्हणून चढावर वीज सढळ हाताने खर्च करा, वरती २५-३० टक्के उरेल असं बघा. गिअर लीव्हर बी ला ओढा, त्यात पाय उचलला की रीजेन जास्त जोरात लागतं. आणि आपल्याकडच्या घाटातली ती सवय, उताराला न्यूट्रल टाकून गाडी सोडून द्यायची, ती इथे सक्त मना. न्यूट्रलमध्ये रीजेन बंद असतं, म्हणजे फुकटची वीज पण गेली आणि ब्रेक पण तापले.

बी मोडबद्दल एक अत्यंत महत्त्वाचं. २०२५ मध्ये वोल्वोने रीकॉल काढला होता, म्हणजे दोष निघाला म्हणून गाड्या दुरुस्तीला बोलावल्या होत्या. ३.५.१४ हे सॉफ्टवेअर असलेल्या काही गाड्यांत, प्लग-इन असेल तर बी मोडमध्ये, कुठलंच पेडल न दाबता सलग १ मिनिट ४० सेकंद उतारावर गेलं की त्यानंतर ब्रेकच लागणार नाहीत अशी शक्यता होती. आता विचार करा, ल्यूसेवेगनवर हेच होणार की. अपडेट आलंय, पण दुसऱ्या देशातून आणलेल्या किंवा गॅरेजमध्ये पडून राहिलेल्या गाड्यांत ते झालंच असेल असं धरू नका. निघायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन व्हर्जन बघा. त्याच वर्षी २०२० ते २०२२ मॉडेलच्या काही प्लग-इनच्या बॅटरीसाठीही रीकॉल होता, फुल चार्ज होऊन उभ्या असताना शॉर्ट व्हायचा धोका, त्यांना दुरुस्ती होईपर्यंत चार्जच करू नका सांगितलं होतं. चासी नंबर टाकून पाच मिनिटांत कळतं, जुनी गाडी घेणाऱ्याने सौद्याच्या आधी बघावं. हाय-व्होल्टेज बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी असते, तीपण किती उरलीय बघा.

रीजेनचा एक तोटा म्हणजे डिस्क वापरात येत नाहीत आणि समुद्राच्या दमट हवेत गंजतात, मागच्या तर जास्तच. अधूनमधून मागे कोणी नाही बघून कचकन ब्रेक मारा, दोनचार वेळा. गंज निघतो.

हेअरपिनवर रस्ता एका गाडीपुरता आहे. निळ्या पाटीवर पांढरा एम दिसला की ती थांबून वाट द्यायची जागा. कॅम्परवाले मागे घेताना घामाघूम होतात, तुमची गाडी लहान आहे, तुम्हीच घ्या मागे.

चार्जिंग. नॉर्वेत पावलापावलावर चार्जर आहेत हे खरं, पण हायवेवरचे बहुतेक डीसी फास्ट, आणि आमच्या गाडीला डीसीचं भोकच नाही. एसीवर पण सिंगल फेज, ३.७ किलोवॅट, मग खांबावर २२ लिहिलेलं असो नाहीतर काहीही. रिकामी बॅटरी भरायला साधारण पाच तास, म्हणजे चार्जिंग फक्त रात्री मुक्कामाला. हॉटेल निवडताना टाइप-टू चा (युरोपातला एसी चार्जिंगचा प्लग) पॉइंट बघा आणि केबल स्वतःची न्या. जिथे मिनिटावर बिल लागतं तिथे लावूच नका, हळू घेणाऱ्याला ते फार महाग पडतं. हुट्टेमध्ये, म्हणजे लाकडी केबिनमध्ये, साध्या सॉकेटला लावायचं असेल तर मालकाला विचारून, आणि केबलवर करंट कमी करून ठेवा, जुन्या लाकडी घरांचं वायरिंग असतं. टोलला प्लग-इन म्हणजे पेट्रोलचीच गाडी, इलेक्ट्रिकची सवलत आपल्याला नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल मागाहून येतं.

ल्यूसेबॉटनहून लाउविककडे जाणाऱ्या फेरीत गाड्यांना जागा मोजक्या, बुकिंग आधीच करा. नाही मिळाली तर तेच २७ वळसे परत वर. पुढे प्रायकेस्टोलेन या कड्याचा ट्रेक करायचा असेल तर स्टाव्हांगरहून १४.४ किलोमीटरचा र्‍यूफुल्के बोगदा लागतो, समुद्राखाली २९२ मीटरपर्यंत उतरतो. पहिल्या अर्ध्यात बी लावून जे मिळेल ते घ्या, दुसऱ्या अर्ध्यात ते चढायला लागतंच.

आणि पेट्रोल भरताना: टाकी हवाबंद असते, डॅशबोर्डवरचं बटण दाबून प्रेशर सुटेपर्यंत थांबावं लागतं, मग झाकण उघडतं. पंपावर पोचायच्या थोडं आधीच दाबा, म्हणजे मागचा ट्रकवाला तोंडाकडे बघत उभा राहत नाही.