कुंभारीण आणि विमानाची नळी

कुंभारीण माशीला फक्त भोक लागतं. कुलपाचं, नळाच्या तोटीचं, स्विचबोर्डाचं. ओला चिखल मिळाला की दिवसाभरात बुजवून मोकळी. लातूर, नांदेडकडे उघड्यावर उभं केलेलं लहान विमानही तिच्या लेखी एक घरच, आणि त्यात तिच्या मापाचं भोक म्हणजे पिटो नळी.

सेसना १७२ या लहान विमानात ही नळी डाव्या पंखाखाली, तोंड पुढे करून असते. समोरची हवा तिच्यात कोंडते, दाब वाढतो. दुसरं बारीक छिद्र विमानाच्या डाव्या अंगाला, त्याला स्टॅटिक पोर्ट म्हणतात. ते भोवतालच्या हवेचा दाब घेतं. दोन दाबांतला फरक म्हणजे वेगाचा काटा. १७३२ साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने ही युक्ती नदीच्या पाण्याचा वेग मोजायला काढली होती.

म्हणजे काटा वेग नाही, दाब दाखवतो. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर. मे महिन्यात पारा ४२ ला गेला की तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. काट्यावर ५५ नॉट (तासाला ५५ सागरी मैल) दिसतात तेव्हा विमान खरं ६० च्या आसपास धावत असतं. इंजिनाची ताकदही घटलेली. धावपट्टी जास्त लागते ती यामुळे.

आता बिघाड. नळीचं तोंड बुजलं आणि मागचं, पाण्याच्या निचऱ्याचं छिद्र उघडं राहिलं, तर काटा शून्यावर येतो. हा बिघाड बरा, लगेच कळतो. दोन्ही बुजली तर वाईट: आतला दाब अडकून राहतो, विमान वर चढेल तसा वेग वाढल्याचं काटा सांगतो, आणि वैमानिक नाक वर करत करत स्टॉलमध्ये जातो, म्हणजे वेग इतका पडतो की पंख विमान उचलून धरू शकत नाहीत. स्टॅटिक पोर्ट बुजलं तर उंचीचा काटा गोठतो, चढ-उताराचा शून्यावर बसतो. तेव्हा पॅनलवरचा पर्यायी स्टॅटिकचा नॉब ओढायचा, म्हणजे काटे केबिनमधल्या हवेचा दाब घेतात. केबिनमधला दाब थोडा कमी असल्याने उंची आणि वेग जरा जास्त दिसतात, एवढं ध्यानात ठेवायचं.

६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ जण गेले. ते बरेच दिवस उडालं नव्हतं, आणि उड्डाणाआधी काही दिवस नळ्यांना कव्हर नव्हतं. एक नळी बुजलेली होती, असा तपासाचा निष्कर्ष होता. माशीचं घरटं हे सर्वांत संभाव्य कारण मानलं गेलं.

म्हणून विमान उभं केलं की लगेच कव्हर, रात्रीची वाट बघायची नाही. उडण्याआधी ते काढून तोंड आणि निचऱ्याचं छिद्र दोन्ही बघा. माती दिसली तर फुंकर मारू नका, तारही घालू नका. फुंकरीच्या दाबाने काट्याचं यंत्र बिघडतं आणि माती आणखी आत जाते. ते काम मेकॅनिकचं. पिटो हीट, म्हणजे नळीचा हीटर, अर्धा मिनिट लावून बंद करा, नळी गरम झाली का ते जपून बघा, चटका बसतो. इथल्या उन्हात हीटर कशाला, असं वाटेल; पावसाचं पाणी वाळवायलाही तोच लागतो. मात्र जमिनीवर वारा नसताना जास्त वेळ चालू ठेवला तर तो जळतो.

धावपट्टीवर थ्रॉटल पूर्ण दिल्यावर काटा हलला पाहिजे. विमान पळतंय आणि काटा निपचित, तर थ्रॉटल मागे आणि ब्रेक. वर गेल्यावर कळलं, तर काट्याकडे बघणं सोडा: इंजिनाचे नेहमीचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) लावा, नाक क्षितिजाशी नेहमीच्या कोनात धरा. विमान नेहमीच्याच वेगाने उडेल.