बाई, तुम्ही तिथं कशा?

म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत खाज्याच्या दुकानासमोर उभी होते. मागून हाक आली, "बाई!" वळून बघते तर एकेकाळी शेजारच्या गावच्या शाळेत शिकवणाऱ्या मास्तरीणबाई. तब्येत, गुडघे, सुना हे दोन मिनिटांत उरकलं आणि त्यांनी विचारलंच, "पण बाई, सगळा जन्म सरकारी मराठी शाळेत काढलात. मग त्या किरिस्तांवांच्या इंग्लिश शाळेत तुम्ही कशा?"

किरिस्तांव म्हणजे ख्रिस्ती. हा प्रश्न मला लग्नात विचारतात, कदंबाच्या सरकारी बसमध्ये विचारतात. एकदा बाराव्याच्या जेवणाला गेले होते, तिथंही विचारला. विचारणाऱ्याचा सगळा जोर 'त्या' या शब्दावर असतो. जत्रेतल्या लाउडस्पीकरच्या कल्लोळात काय सांगणार? खाजं घेतलं आणि घरी आले. तुम्ही विचारलंत म्हणून आता सवडीनं सांगते.

माझी शाळा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, त्यांतली एक. मी तिथं गेले तेव्हा एकेका वर्गात पस्तीस पोरं होती. निवृत्त झाले त्या वर्षी चारही इयत्ता मिळून नऊ. पुढच्या जूनला शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन केली, आणि आता त्या इमारतीला मतदानाच्या दिवशी तेवढी जाग येते. नऊ मुलांना एक बाई म्हणजे चैनच, असं तुम्हाला वाटेल. पण मतदारयादीचं काम, आहाराची नोंदवही, वरून मागवलेली माहिती, ती दिल्यावर पुन्हा मागवलेली तीच माहिती, यांतून उरलेल्या वेळात मी शिकवत होते.

बाकीची पोरं कुठं गेली ते सांगायला नको. आमच्याकडे प्राथमिक शाळेचं माध्यम हा शिक्षणापेक्षा निवडणुकीचा विषय. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारनं ठरवलं की अनुदान मराठी आणि कोंकणी माध्यमाच्याच प्राथमिक शाळांना. तेव्हा चर्चच्या शाळांनी इंग्रजी सोडून कोंकणी माध्यम घेतलं. २०११ साली दिगंबर कामतांच्या सरकारनं इंग्रजीला पुन्हा दार उघडलं आणि रस्त्यावर मोर्चे निघाले. मोर्चात मीही होते. त्यात मागेपुढे चालणाऱ्या कितीजणांची नातवंडं इंग्रजी शाळेत होती ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, आणि आम्ही घोषणा मात्र खड्या आवाजात दिल्या.

तर 'ती' शाळा. तिला चर्चची शाळा म्हणणं चूक. पाद्रींची नाही, मादरींची म्हणजे नन्सचीही नाही. म्हापशाजवळ थिवीच्या बाजूला चारपाच ख्रिस्ती कुटुंबांनी ट्रस्ट करून काढलेली, सरकारमान्य पण विनाअनुदानित. एका जुन्या घराच्या चार खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. बलकांवावर, म्हणजे पुढच्या सोप्यावर, मुलांच्या चपला आणि मागच्या पडवीत ऑफिस. पहिल्या वर्षी नर्सरी-केजीची तेरा मुलं. दरवर्षी खालून एक वर्ग वर सरकायचा, तसतशी शाळा वाढायची. बाहेरून मुलं घेऊन एकदम चौथीपर्यंत वर्ग उघडायचे नाहीत, असं त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. हिंदू शेजारी विचारायचे, "बाटवणार नाहीत ना?" आणि कॅथलिक शेजारी विचारायचे, "हे बिलिव्हर्स, कॅथलिक चर्चबाहेरच्या पंथाचे, की काय?" दोघांनाही संशय, म्हणून सुरुवातीला मुलं दोन्हीकडची कमीच.

पहिलीचा वर्ग उघडला आणि मराठी शिकवायला कोणी मिळेना, म्हणून हेडबाई माझ्या घरी आल्या. चहा झाला. मी म्हटलं, मला इंग्रजी बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "मुलांना गोष्ट सांगता येते ना?" पस्तीस वर्षांत कोणत्याही अधिकाऱ्यानं मला हा प्रश्न विचारला नव्हता.

त्यांची पद्धत शार्लट मेसन नावाच्या एका इंग्रज शिक्षिकेची. १८४२ ते १९२३ हा तिचा काळ. इंग्लंडच्या डोंगराळ, तळ्यांच्या मुलखात ॲम्बलसाइड नावाच्या गावी तिनं शिक्षिका घडवल्या. बाई पक्की धार्मिक, पण मूल म्हणजे भरायचं भांडं हे तिला अजिबात मान्य नव्हतं. तिच्या पद्धतीचा गाभा म्हणजे ऐकलेलं परत सांगणं. बाईंनी गोष्ट एकदाच वाचायची, पुन्हा वाचायची नाही. मग पुस्तक मिटायचं आणि एखाद्या मुलानं ती आपल्या शब्दांत सांगायची. मध्ये दुरुस्ती करायची नाही. धडे लहान, पंधरा-वीस मिनिटांचे. दुपारनंतर शक्य तेवढं बाहेर, झाडापानांत. नंबर नाहीत, बक्षिसं नाहीत.

मी मनात हसले. इंग्लंडातून हे आणायची काय गरज? माझी आजी कीर्तन ऐकून यायची आणि परसात भांडी घासता घासता मला अख्खं आख्यान ऐकवायची. बुवांनी न सांगितलेलंही सांगायची. पण खरं बोलायचं तर माझ्या वर्गात मी हे कधी होऊ दिलं नव्हतं. 'प्रश्नोत्तरं लिहून घ्या' यातच माझी हयात गेली.

एका गोष्टीत मात्र मी त्यांना शिकवलं. तिथल्या तरुण टीचर इंग्रजी अक्षरांचे आवाज घटवून घेत. सी म्हणायचं आणि क वाचायचा, जी म्हणायचं आणि कधी ग, कधी ज. पोरं गांगरायची. मी म्हटलं, आधी माझ्याकडे द्या. आपल्या अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. क ला क म्हणायचं आणि क च वाचायचा, त्यात फसवणूक नाही. जूनमध्ये 'ग म भ न' घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी बरीचशी पोरं दुकानांच्या मराठी पाट्या वाचायला लागली. एकदा वाचता येतं हा भरवसा बसला की मूल दुसऱ्या लिपीलाही घाबरत नाही. पुढच्या वर्षीपासून हेडबाईंनी पहिलीच्या वेळापत्रकात मराठी सकाळच्या पहिल्या तासाला आणलं. इंग्रजी शाळेत मराठी पहिल्या तासाला! हे मी मोर्चातल्या मंडळींना सांगितलं तेव्हा त्यांनी विषय बदलला.

(अशा वेळी कोणीतरी फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्रीचं नाव काढतंच. रायतूरला १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण, जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या, आणि किरिस्तांवांचं मराठीशी नातं किती जुनं. सगळं खरं. पण आमच्या दुसरीतल्या जोडाक्षरांना त्याचा उपयोग होत नाही.)

आता बायबल. तुमचा खरा प्रश्न तोच, हे मला कळतं.

हो, शिकवतात. सकाळी प्रार्थना, एक गाणं, आणि आठवड्यातून तीन दिवस बायबलमधली गोष्ट. लपवून काही नाही, प्रवेशाच्या फॉर्मवर तसा परिच्छेदच आहे. घटनेच्या २८व्या कलमातच आहे की सरकारमान्य शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. (कायद्याच्या मराठीत अल्पवयीन म्हणजे 'अज्ञान'. हा शब्द ज्यानं काढला त्याला एक दिवस पहिलीच्या वर्गात बसवायला हवं होतं.) फॉर्मवर संमती आहे आणि नाही असे दोन चौकोन. मी होते त्या नऊ वर्षांत चार घरांनी 'नाही'वर खूण केली. त्यांची मुलं त्या तासाला माझ्याकडे येत आणि आम्ही पंचतंत्र वाचायचो. बाकी हिंदू पालकांनी 'संमती'वर खूण केली. त्यांतल्या निम्म्यांनी परिच्छेद वाचलाच नसेल, अशी माझी खात्री आहे.

एकदा मी दारात उभी राहून तो तास ऐकला. गोष्ट त्या शोमरोनी माणसाची. शोमरोनी म्हणजे तिथले यहुदी ज्यांना हलके समजत ते लोक. वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेलं टाकलेल्या परक्याला तो उचलून नेतो, ती. वाचून झाल्यावर दुसरीतला एक मुलगा उठला, वडील गॅरेजवाले, घरी गणपती दीड दिवसांचा. एरवी हा तोंड उघडत नसे. तो सांगू लागला: एक माणूस म्हापशाहून डिचोलीला जात होता. अस्नोड्याच्या पुलापाशी चोरांनी त्याला मारलं, मोबाइल नेला. एक पाद्री आला, गाडी थांबवली नाही. एक भटजी आला, त्याला पूजेला उशीर होत होता. मग एक घाटी आला. त्यानं त्याला स्कूटरवर घालून आझिलोत, म्हापशाच्या इस्पितळात, नेलं, डॉक्टरला दोनशे रुपये दिले आणि सांगितलं, आणखी लागले तर शुक्रवारी बाजाराला येईन तेव्हा देतो.

वर्गात सगळी शांत. 'घाटी' हा शब्द आम्ही गोंयकार बाहेरच्या मजुरांना कोणत्या सुरात वापरतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पोरानं शोमरोनी म्हणजे कोण ते कोणी न सांगता ओळखलं होतं. टीचरनं दुरुस्ती केली नाही. मी असते तर 'घाटी म्हणू नये' म्हणून त्याला खाली बसवलं असतं.

सगळंच असं गोड नव्हतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी मुलांच्या निसर्गवहीसाठी मी माटोळीची, गणपतीच्या वर बांधतात ती, फळं आणली. कवंडळ, कांगल्या, आंबाडे, सुपारीची शिपटी, तोरिंजन. पोरांनी चित्रं काढावीत, नावं लिहावीत. ट्रस्टमधल्या एकांनी हरकत घेतली, हे पूजेचं सामान आहे. हेडबाईंनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाल्या, फळं टेबलावर ठेवा, वर बांधू नका. मला ते लागलं, अजूनही थोडं लागतं. पण त्या वर्षी ख्रिस्ती पोरांनाही कवंडळ ओळखता येऊ लागलं, आणि ते शोधायला रानात जी मुलं गेली ती सगळ्या घरांतली होती.

दुसरा प्रसंग त्याहून कडू. नवीन आलेल्या एका टीचरनं एका मुलीला सांगितलं की तुमच्या घरी देवापुढं दिवा लावतात ते चूक आहे. मुलीनं संध्याकाळी आजीला दिवा लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी आई शाळेत, डोळ्यांत पाणी आणि आवाजात आग. मी राजीनामा लिहून पिशवीत ठेवला. हेडबाई त्या टीचरला घेऊन संध्याकाळी त्या घरी गेल्या, मलाही नेलं. टीचरनं आजीची माफी मागितली. आजीनं आधी सगळ्यांना चहा दिला आणि मग जे सुनवायचं ते सुनवलं. मुलगी त्याच शाळेत राहिली. टीचर वर्षअखेरीला सोडून गेली. राजीनामा पिशवीत बरेच दिवस होता, शेवटी त्याच्या पाठीमागे बाजाराची यादी लिहिली.

आता वाढीचं. चौथीचा वर्ग सुरू झाला तोवर शाळेचं नाव झालं होतं. प्रवेशासाठी लोक रांगा लावायला लागले, त्यांत हिंदू अधिक. पालकांच्या एका गटानं जागा बघितली, कर्ज मिळेल म्हणाले, प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या करा, पाचवी काढा, दहावीपर्यंत न्या. कायद्यानं प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक चालतो. ट्रस्टनं ठरवलं वीस, आणि एकच तुकडी. कारण साधं आहे. वीस मिनिटांच्या धड्यात वीस पोरांपैकी तिघाचौघांचं ऐकून होतं, आठवड्याभरात प्रत्येकाची पाळी येते. चाळीस असतील तर हुशार चारच बोलतात आणि बाकीचे छत मोजतात. ते छत मोजणारे मी पस्तीस वर्षं बघितलेत.

पण या वीसची किंमत आहे आणि ती कोणीतरी भरतं. अनुदान नाही, म्हणजे फी. ट्रस्ट काही मुलांची फी माफ करतं, तरी माझ्या जुन्या शाळेतल्या त्या नऊ मुलांपैकी एकही तिथं जाऊ शकला नसता. त्यांचे आईबाप बांधकामावर. आणि शिक्षकांचे पगार सरकारी शाळेच्या जवळपासही नाहीत. चांगली टीचर तयार झाली की तिला सरकारी ऑर्डर येते, आणि तिनं जावंच. मी टिकले कारण माझी पेन्शन होती. गोष्टी सांगण्याची चैन मला सरकारच्या पैशानं परवडली, हे मोर्चातल्या मंडळींना सांगितलेलं नाही.

पाचवीचा प्रश्न अजून लोंबकळतोय. चौथी झाली की पोरं म्हापशाच्या मोठ्या हायस्कुलांत जातात. तिथं पहिल्या सहामाहीत त्यांचे मार्क पडतात, कारण लिहून घेतलेलं पाठ करायची सवय नसते. पालक हेडबाईंकडे येऊन भांडतात. काहीजण दुसऱ्या वर्षी पेढे घेऊन येतात, काहीजण येत नाहीत.

गुडघ्यांमुळे मी दोन वर्षांपूर्वी सोडलं. बुधवारी अजून जाते, पहिलीला गोष्ट सांगायला.

तर मास्तरीणबाई, त्या दिवशी गर्दीत तुमच्या मागे जो मुलगा फुगा धरून उभा होता तो तुमचा नातू, हे मला उशिरा कळलं. प्रश्न कशासाठी होता तेही तेव्हाच कळलं. नर्सरीचे फॉर्म लवकरच निघतील, पडवीतल्या ऑफिसात मिळतात. मुलाला घेऊन या, त्याला बोलतं करून बघतात, बाकी काही विचारत नाहीत. आणि चौकोनात खूण करायच्या आधी तो परिच्छेद चष्मा लावून वाचा. 'नाही'वर खूण केलीत तर बुधवारचा त्याचा तास माझ्याकडे.