अंतरपाटावरचे हिरवे चौकोन

एप्रिल २०२३. साताऱ्यात लग्नसराई ऐन भरात होती. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं, तेवढ्यात लग्नाचे व्हिडिओ करणारा एक ओळखीचा गडी चादरीत गुंडाळलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट स्कूटरवर पायांत धरून हजर.

"दादा, परवा पार्टीला पेनड्राइव्ह द्यायचाय. आणि हे बघा काय होतंय."

मोबाइलवर त्याने क्लिप लावली. अंतरपाट धरलेला, भटजींचं तोंड उघडं, आणि पांढऱ्या कापडावर हिरव्या-गुलाबी चौकोनांची एक ओळ. अर्धा सेकंद दिसली, गेली.

"कॅमेऱ्यातच आहे का?"

"नाही ना. कॅमेऱ्यातलं स्वच्छ आहे. एडिट करून रेंडर केलं, म्हणजे कॉम्प्युटरने शेवटचा व्हिडिओ बनवला, की येतं. परत रेंडर केलं की इथलं जातं आणि सप्तपदीत येतं."

हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं. फाइल खराब असती तर चौकोन दर वेळी त्याच जागी आले असते. जागा बदलतेय म्हणजे गडबड ग्राफिक्स कार्डाच्या, स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या भागाच्या, मेमरीत. पण तो पुढे म्हणाला, "मधेच स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते आणि परत येते," आणि माझ्या डोक्यात ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून ते कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर, जाऊन बसला.

मशीन टेबलावर घेतलं. आत आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, आठ जीबीचं, आठवड्यापूर्वी जुनं घेतलेलं. विंडोज बिघाडांची नोंद ठेवतं तो इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर ४१०१ नंबरच्या नोंदींची रांग. विंडोज ग्राफिक्स कार्डाला उत्तर द्यायला दोन सेकंद देतं. तेवढ्यात हलचाल दिसली नाही की ड्रायव्हरला उठवून परत बसवतं. स्क्रीन काळी होते ती तेव्हा. खाली कोपऱ्यात आफ्टरबर्नर, कार्डाचा वेग कमी-जास्त करायचं सॉफ्टवेअर, चालू होतं आणि मेमरी क्लॉकपुढे, म्हणजे मेमरीच्या वेगापुढे, अधिक शंभर.

"हे कुणी केलं?"

"भाच्याने. म्हणाला, स्पीड वाढतो."

भाचा अकरावीत. फोन लावून मी त्याला पाच मिनिटं सुनावलं. कार्डाची मेमरी ताणली की कसं होतं, मामाचं पोट कशावर चालतं, वगैरे. पोरगं "हो काका, हो काका" करत होतं. मग मी रिसेट मारलं, सगळे आकडे शून्यावर आणले आणि विंडोजच्या चिन्हाचं ते छोटं बटण, ज्यामुळे मशीन चालू होताच सेटिंग आपोआप लागतं, तेही बंद केलं. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये एक नजर टाकली. चिपचा डिफॉल्ट क्लॉक, म्हणजे मूळ वेग, ११५० दिसत होता. या कार्डाला तो तेराशे चाळीसच्या आसपास असतो. 'असेल एखादं हलकं मॉडेल,' म्हणून पुढे गेलो. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

रेंडर लावला. चौकोन आले, या वेळी करवलीच्या गालावर.

मग ठरलेला मार्ग. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळासकट काढला, कंपनीच्या साइटवरून नवा उतरवला, टाकला, रीस्टार्ट. स्क्रीन आली ती पसरट, जाड अक्षरांची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण. कोड ४३, म्हणजे अडचण आली म्हणून विंडोजने कार्ड थांबवलंय.

सकाळी कार्ड निदान चालत तरी होतं. आता तेही नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसून बघतंय आणि आपल्या हातून त्याची वस्तू आणखी बिघडलीय, ही वेळ दुकानदारावर येऊ नये. कार्ड काढलं, सोनेरी पट्टी खोडरबरने घासली, ब्लोअर मारला, परत बसवलं. कोड ४३. दुसरा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, लावून पाहिला. कोड ४३. ड्रायव्हरची जुनी आवृत्ती टाकली, आणखी जुनी टाकली. त्रिकोण जागचा हलेना. दुपारचा डबा तसाच राहिला.

तीनच्या सुमारास लाज गुंडाळून भाच्याला परत फोन केला. "बाळा, तू ड्रायव्हर कुठला टाकला होतास?"

"काका, साइटवरचा चालतच नव्हता. ज्याच्याकडून कार्ड घेतलं त्याने ड्रायव्हरबरोबर एक छोटी फाइल पाठवली होती. ड्रायव्हर टाकल्यावर ती चालवायची, पॅच होतं, मग रीस्टार्ट. सकाळी सांगणार होतो..."

सांगणार होता, पण मी बोलू दिलं नव्हतं.

पॅच म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला. मायनिंग म्हणजे कार्डाला सतत गणितं करायला लावून डिजिटल चलन कमावणं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या चलनाने ती पद्धतच बंद केली आणि त्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. आरएक्स ५८० तर मायनिंगवाल्यांचं लाडकं. त्या कामात मेमरीचा वेग महत्त्वाचा, चिपचा नाही. म्हणून ते कार्डाचं बायोसच, म्हणजे वेग वगैरे ठरवणारा त्याच्या आतला प्रोग्रामच, बदलत. चिपचा क्लॉक खाली, म्हणजे वीज कमी लागते. मेमरीचा क्लॉक वर आणि तिचे टायमिंग, म्हणजे दोन कामांमधली थांबायची वेळ, आवळलेले. असं बदललेलं बायोस कंपनीच्या ड्रायव्हरला दिसलं की सही जुळत नाही आणि तो कार्ड उचलतच नाही: कोड ४३. ती तपासणी चुकवायला ड्रायव्हरचीच फाइल पॅच करतात. डीडीयूने मी तो पॅच काढून टाकला होता.

आणि सकाळचा तो ११५०! आफ्टरबर्नरमधलं शून्य म्हणजे कार्डाच्या बायोसमध्ये जे लिहिलंय ते. मी रिसेट मारून 'कारखान्यातून आलं तसं' केलं असं समजत होतो. प्रत्यक्षात मायनिंगवाल्याने ठेवलं होतं तिथे आणून सोडलं होतं. भाच्याचे शंभर त्यावरचा वर्ख.

आता मूळ बायोस आणायचं कुठून? ते नेटवरून उतरवून कार्डात लिहिता येतं, पण मेमरी चिप कुठल्या कंपनीची आहे ते न जुळवता चुकीचं घातलं तर कार्ड कायमचं हातचं जायचं. आधी कार्ड उताणं करून टॉर्च मारला. वरच्या कडेला, धुळीच्या थराखाली, तांदळाच्या दाण्याएवढा काळा स्विच. या पिढीच्या पुष्कळ कार्डांवर दोन बायोस असतात, आणि एकच बदलून दुसरं तसंच ठेवायची मायनिंगवाल्यांची सवय असते. याही कार्डाचं दुसरं तसंच ठेवलं असलं तर आपलं नशीब. वीज काढली, टूथपिकच्या टोकाने स्विच पलीकडे सरकवला. 'टिक' असा जेमतेम आवाज.

मशीन चालू केलं. साधा ड्रायव्हर, पॅच नाही, त्रिकोण नाही. जीपीयू-झेडमध्ये १३६६.

गडी उठून उभा राहिला. मी त्याला बसवलं, कारण या वेळी घाई करायची नव्हती. एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये या कार्डांसाठी मेमरीच्या चुका मोजणारी एक ओळ असते. ती समोर ठेवून कार्डावर ताण दिला. दहा मिनिटं शून्य. वीस मिनिटं शून्य. पंचविसाव्या मिनिटाला तीन. मग अकरा.

म्हणजे बायोस सुधारलं, पण महिनोन् महिने तापलेल्या मेमरीला आता कारखान्याचा वेगही झेपत नव्हता. पंखे खोलून पाहिलं तर मेमरीवरचे थर्मल पॅड, उष्णता बाहेर नेणारे मऊ तुकडे, वाळून पापडासारखे झालेले, बोट लावलं की तुकडे. पॅड बदलले, पेस्ट लावली. चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत. शेवटी सकाळी ज्याच्या नावाने बोटं मोडली तेच आफ्टरबर्नर उघडलं आणि मेमरी २००० वरून १९०० वर आणली. ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे वेग वाढवायचं सॉफ्टवेअर, घड्याळ मागे फिरवायला. तासभर ताण दिला. शून्य.

मग रेंडर. आम्ही दोघं चहा घेत मंगलाष्टकं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, वऱ्हाडी असल्यासारखी. अंतरपाट पांढरा. करवलीचा गाल जसाच्या तसा. सप्तपदीत सातही पावलं स्वच्छ.

"टिकेल ना दादा?"

"ही सराई काढेल. तोवर नवीन कार्डाचे पैसे बाजूला टाक," म्हटलं. "आणि भाच्याला उद्या इकडे पाठव."

सकाळी बंद केलेलं ते विंडोजच्या चिन्हाचं बटण मी परत दाबून चालू केलं. वजा शंभर प्रोफाइलमध्ये सेव्ह केलं आणि कॅबिनेट चादरीत बांधून दिलं.